देवी थकली की पंखा

॥ श्री ॥
लिंबायत, सुरत
८ ऑगस्ट २०२५

ती. सुंदरामावशीस,
हर्षदाचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, ते तुला ठाऊकच आहे. आमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची रीत. सासूबाई, दीर ललित, घरी असले तर हेही, सगळे कान देऊन बसतात आणि मी प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणत सुटते. शिवाय तुझे कान हल्ली निम्मंच ऐकतात. कागदावर मला कोणी मध्येच तोडत नाही. धनश्री शाळेत जाताना पत्र पेटीत टाकेल. तेरा वर्षांची झाली तुझी नात, आणि या घरात भरवसा ठेवावा अशी तेवढीच एक आहे.

मावशी, माझ्या अंगात कानबाई आली आहे. हसू नकोस. मला इतका संताप आला आहे की हसलीस तर मी पुढचं लिहिणारच नाही.

रविवारी नेहमीप्रमाणे श्रावणातली कानबाई घरात बसली. घरात पंचवीस माणसं, दोन दिवस माझी पाठ जमिनीला लागलेली नाही. सोमवारी सकाळी विसर्जनाला निघालो तर यंदा गल्लीतल्या लोकांनी बँडच्या जोडीला टेम्पोवर मोठे भोंगे आणलेले. मला आवाज सोसत नाही हे तुला नवीन नाही. मागच्या भिंतीला लागून कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे, त्याची खटखट सोळा वर्षं कानात कापूस घालून मी काढली. पण तो भोंगा माझ्या डोक्याशी आला आणि हातापायांत कापरं भरलं. मी भर रस्त्यात बसले आणि ढसाढसा रडायला लागले. शेजारच्या मालतीबाई, कानबाई उनी, देवी आली, असं ओरडत धावल्या. कोणीतरी माझा मळवट भरला, कोणी पायावर पाणी घातलं. मी जिवाच्या आकांतानं एवढंच म्हणाले की तो बँड बंद करा.

आणि मावशी, बँड बंद झाला! सोळा वर्षांत माझ्या सांगण्यावरून या घरात टीव्हीचा आवाजसुद्धा कमी झालेला नाही, आणि इथे अख्खी गल्ली चिडीचूप. सासूबाईंनी माझे पाय धरले. मी सांगायला तोंड उघडलं, तर देवी बोलतेय म्हणून सगळे हात जोडून उभे राहिले. मी तोंड मिटून घेतलं.

तेव्हापासून घराची तऱ्हाच बदलली. ललितने टीव्ही खाली आणला आणि वरची खोली मला दिली. दुपारी माझ्या खोलीचा जिना कोणी चढत नाही. मी थकले म्हणत होते तेव्हा ते नखरे होते. देवी थकली म्हटल्यावर पंखा आला, नवा, तीन पात्यांचा. यांनी स्वतः खुर्चीवर चढून बसवला. या माणसाला मी लग्नानंतर चौथ्या महिन्यात सांगितलं होतं की मला दिवसातून एक तास शांत लागतो, नाहीतर माझं डोकं फुटतं. तेव्हा म्हणाले होते की शांतता हवी होती तर सुरतेत कशाला दिलीस स्वतःला.

वरच्या खोलीत मी चित्रं काढते आहे. तुला दाखवली होती तीच, साडीवर नक्षी विणणाऱ्या जेकार्ड यंत्राच्या जुन्या पुठ्ठ्यांवरची. नवी यंत्रं कॉम्प्युटरवर चालतात, भोकं पाडलेले ते पुठ्ठे रद्दीत जातात, तेच हे आपल्या कारखान्यातून मला आणून देतात. त्यावर मी आमच्या गल्लीतल्या बाया काढते, साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या, घड्या घालणाऱ्या. आपल्या समाजमंडळाचे प्रवीण सर आहेत, त्यांनी नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेसाठी बारा चित्रं दिवाळीपर्यंत मागितली आहेत. दोन वर्षांत माझी तीन झाली होती. या चार दिवसांत एक पुरं झालं.

काय करू ते कळव. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी,
हर्षदा

———

पारोळा
१६ ऑगस्ट २०२५

चि. हर्षदा हीस,
सुंदरामावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. तू नको म्हणालीस तरी मी हसले. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि माझं पित्त खवळलं. अगं, तू तिथे देवी होऊन पंख्याखाली बसली आहेस? तीस वर्षं अंगणवाडीत मी बायांना सांगत आले की पोराला ताप आला तर अंगारा नको, दवाखान्यात न्या. आणि माझ्या बहिणीची लेक मळवट भरून पाय धुऊन घेते!

तू पहिल्यापासून अशीच, हे मला कोणी सांगायला नको. शिमग्याचा ढोल वाजला की तू धान्याच्या कणगीमागे जाऊन बसायचीस. शेजारच्यांनी बैल विकला तर दोन दिवस जेवली नव्हतीस, आणि तिसऱ्या दिवशी ओट्यावर कोळशानं तोच बैल काढून ठेवलास, डोळ्यांसकट. लोक थांबून बघत होते. मीच तुला तेव्हा रडूबाई म्हणायची, त्याची मला लाज वाटते. आई नसलेली पोर खंबीर व्हायला हवी, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. तुझं मन पातळ आहे म्हणूनच तुझ्या हाताला तो बैल सापडला, हे मला फार उशिरा कळलं.

पण म्हणून हे खोटं चालायचं नाही. आज पंखा दिला, उद्या कोणी तुझ्यापुढे आजारी पोर आणून ठेवील आणि औषध थांबवू का विचारील. तेव्हा काय करशील? धर्मेंद्ररावांना समोर बसव आणि सांग की अंगात काही आलेलं नाही, आवाज सोसवत नाही, काम करायला खोली हवी. सरळ माणसासारखं सांग. जावई काही वाघ नाहीत.

धनूला माझा गोड पापा. चित्रं ओलाव्यापासून जप. उत्तर लवकर आलं तर माझा जीव थाऱ्यावर येईल.

तुझी,
मावशी

———

लिंबायत, सुरत
४ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस,
हर्षदाचा नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हाच उत्तर लिहिलं असतं तर त्यात तुला वाईट वाटेल असं काही गेलं असतं, म्हणून थांबले. थांबूनही राग गेलेला नाही. सरळ सांग म्हणतेस! मावशी, मी सोळा वर्षं सरळच सांगते आहे. यांना सांगितलं, तर म्हणाले की कारखान्यात बारा तास उभं राहून बघ, म्हणजे आवाज काय ते कळेल. ललितला सांगितलं, त्याने मला रडताना मोबाइलवर काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, खाली हसरी तोंडं घालून. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या. सासूबाईंना सांगितलं, त्यांनी टिकल्या लावायच्या साड्यांचं गाठोडं माझ्यापुढे सरकवलं. दुसऱ्याचं दुखणं दिसलं की मला घास उतरत नाही, कोणी मोठ्यानं बोललं की हात थरथरतो, आणि तोच हात ब्रश धरतो. हे मी अजून किती सरळ सांगायचं?

आता दर मंगळवारी बाया येतात. मी कोणाला औषध थांबव म्हणत नाही, कोणाला काहीच सांगत नाही. नुसतं ऐकते. त्या रडतात, मीही रडते, त्यांना बरं वाटतं. मग चार दिवस त्यांचे चेहरे डोक्यातून जात नाहीत आणि पुठ्ठ्यावर उतरतात. सात चित्रं झाली. खोटं बोलून झाली म्हण हवं तर, पण झाली.

पण परवाच्या मंगळवारी तू म्हणालीस तेच झालं. कोसाडहून एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. मुलीचं नाव किरण, बावीस वर्षांची, लग्नाला वर्षही नाही. उधन्याच्या एका कारखान्यात बॉबिनवर सूत भरायला जाते. यंत्रं सुरू झाली की तिला कापरं भरतं, उलटी होते, ती संडासात दार लावून बसते. सासू म्हणाली की हिला बाहेरचं काही लागलं आहे. ओळखीचा एक भगत आहे, तो मिरच्यांची धुरी देऊन आणि मारून काढतो. त्याच्याकडे न्यावी, की कायमची माहेरी धाडावी, हे देवीने सांगावं. आता पितर येतील, म्हणून नवरात्रातल्या पहिल्या मंगळवारी, म्हणजे तेवीस तारखेला, उत्तर घ्यायला येणार आहेत.

मावशी, ती पोर माझ्यासमोर बसली होती आणि मी स्वतःकडे बघत होते. तिने वर पाहिलंच नाही. मागे लूमची खटखट चालली होती, तेवढ्यानेसुद्धा तिची बोटं पदर चुरगळत होती. तिला काहीही लागलेलं नाही. तिला फक्त माझ्यासारखंच पातळ कातडं आहे. हे मी हर्षदा म्हणून सांगितलं तर तिची सासू मला उभी करणार नाही. देवी म्हणून सांगितलं तर आज ऐकेल.

तूच सांग आता सरळ काय ते. आणि माझ्या बोलण्याचा राग मानला असशील तर तो पुढच्या पत्रापर्यंत सोडून दे.

तुझी,
हर्षदा

———

पारोळा
१२ सप्टेंबर २०२५

चि. हर्षदास,
मावशीचे आशीर्वाद.

माझं मागचं पत्र फाडून टाक. मी दोन दिवस येरझाऱ्या घालते आहे. मिरच्यांची धुरी! त्या भगताला कोणी त्याच्या स्वतःच्या नाकाखाली मिरच्या धरून बसवत कसं नाही?

हर्षदा, देवी म्हणून सांग. हो, मीच लिहिते आहे हे. मळवट भर, केस मोकळे सोड, आवाज चढव, काय लागेल ते कर. हिला हात लावाल तर घर बुडेल म्हणावं. त्या पोरीची पाठ वाचली की मग माझ्या तत्त्वांचं काय व्हायचं ते होऊ दे. मी म्हातारी झाले, माझी तत्त्वं माझ्याबरोबर जातील. तिला अजून आयुष्य काढायचं आहे.

तू मला सोळा वर्षांचं सांगितलंस, ते मी आधीच विचारायला हवं होतं. ललितला मात्र माझा निरोप दे की तो पारोळ्यास आला तर मी त्याला चहा देणार नाही.

तेवीस तारखेनंतर लगेच लिही. तोवर मला घोर लावून ठेवला आहेस एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
मावशी

———

लिंबायत, सुरत
२५ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस,
हर्षदाचा नमस्कार.

मी तुझं ऐकलं नाही. पहिल्या पत्राचं नाही आणि दुसऱ्याचंही नाही, की दोन्हींचं थोडं थोडं, ते तूच ठरव.

मंगळवारी खोली भरली होती. मालतीबाईंनी आरती केली. किरणच्या सासूने प्रश्न विचारला. मी केस मोकळे सोडलेच होते, तुझ्या पत्रातली वाक्यं पाठही केली होती. मग मनात आलं की आज देवीने हिला घरी बसू दे म्हटलं, तर उद्या हिला तासभर डोळे मिटायचे असतील तरी देवीलाच विचारतील. आणि उद्या देवी दुसऱ्या कोणाच्या अंगात आली, आणि तिने धुरी द्या म्हटलं तर? नाहीतर या पोरीलाच कधीतरी रस्त्यात बसून देवी व्हावं लागेल, माझ्यासारखं. याचा मला एवढा संताप आला की कापरं भरायचं राहूनच गेलं.

मी केस बांधले आणि सांगितलं की माझ्या अंगात काही येत नाही, त्या दिवशीही आलं नव्हतं. मला गोंगाट सोसत नाही, तसा या मुलीला सोसत नाही. आम्ही आळशी नाही, वेड्या नाही आणि देवीही नाही. तिला यंत्रापासून लांबचं काम द्या, ती चांगलं करील. आणि तिला भगताकडे नेलं तर मी, धर्मेंद्रची बायको, पोलिसात जाऊन नावं देईन. आवाज माझा फाटत होता, नाकातून पाणी वाहत होतं. देखणं काही नव्हतं ते.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. मालतीबाई म्हणाल्या की देवी परीक्षा बघतेय. मी नाही नाही म्हणत राहिले, तेव्हा मग म्हणाल्या की मी देवीची विटंबना केली. किरणची सासू तिला दंडाला धरून ओढत घेऊन गेली. हे घरी आले ते ओरडतच, की कारखान्यात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. आदल्या दिवसापर्यंत माझ्या पाया पडणारा माणूस! ललितने त्याच संध्याकाळी टीव्ही वर नेला. माझे पुठ्ठे जिन्याखाली आले. काल प्रवीण सर येऊन गेले. बिचारे खाली मान घालून म्हणाले की मंडळातल्या लोकांना आता माझी चित्रं दिनदर्शिकेत नको आहेत. नऊ झाली होती मावशी.

सासूबाईंनी तेवढं तोंड उघडलेलं नाही. काल सकाळी न सांगता रिक्षा करून कुठेतरी गेल्या, दुपारी परत आल्या आणि भाकरी खाऊन झोपल्या.

मला पश्चात्ताप होत नाही, पण किरणचं काय झालं असेल या विचाराने जेवण जात नाही. ब्रश धरवत नाही. तू येऊ नकोस, तुझे गुडघे दुखतात. फक्त मला वेडी म्हणू नकोस.

तुझी,
हर्षदा

———

लिंबायत, सुरत
१२ ऑक्टोबर २०२५

सौ. सुंदराबाई विहीणबाई यांस,
प्रमिलाबाईचा स. न. वि. वि.

मी चौथीपर्यंत शिकले, लिहायचं विसरले. मी अहिराणीत सांगते आणि धनू त्याचं मराठी करून लिहिते. तिची शाळा गुजराती आहे, चुकलं तर पोरीला बोलू नका, मला बोला.

तुम्हाला वाटत असेल की हिची सासू दगड आहे. तुमची भाची तुम्हाला सगळं लिहिते हे मला माहीत आहे. पेटी माझ्या दारातूनच दिसते. मी काही दगड नाही. मला राग आला होता, आणि तो तिचा नव्हता आला.

विहीणबाई, माझ्या अंगात नऊ वर्षं कानबाई येत होती. मी तेव्हा सुरतेत नवीन आले होते. दोन लेकरं, सासू, चार दीर आणि कारखान्यातल्या सहा माणसांचे डबे. कंबर इतकी दुखायची की रात्री कूस बदलता यायची नाही. सासूला सांगितलं तर ती म्हणायची की आम्हाला काय कंबर नाही का. एका वर्षी कानबाईपुढे मी चक्कर येऊन पडले आणि लोकांनी देवी केली. मला पाटावर बसवलं, पाणी दिलं, ऊठ कोणी म्हणालं नाही. पुढच्या वर्षापासून मी मुद्दाम पडायला लागले. वर्षातला एक दिवस मला बसायला मिळायचं. सासू मेली तेव्हा देवी यायची बंद झाली. हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, तो सांगायच्या आत गेला.

म्हणून हर्षदा पहिल्या दिवशी रस्त्यात बसली तेव्हाच मला कळलं होतं. मी पाय धरले ते मुद्दाम धरले, म्हटलं आता हिला तरी बसू देतील. आणि या बाईने सगळ्यांसमोर उठून खरं सांगितलं! मला दोन दिवस एवढा राग आला की मला नऊ वर्षांत हे का सुचलं नाही.

मी रिक्षा करून कोसाडला गेले. किरणच्या सासूच्या दारात उभी राहिले. तिचे शेजारी जमले, तिची नणंद आली, बरंच झालं. त्या सगळ्यांसमोर मी सांगितलं की माझ्याही अंगात कधी काही आलं नव्हतं, मला फक्त बसायचं होतं. पोरीला कामाचा कंटाळा असेल तर माझ्याकडे पाठव, मी बघते. सासू मला बेशरम म्हणाली. म्हटलं हो, आहे. तीन दिवसांनी तिने किरणला पाठवलं, टिकल्यांचं गाठोडं देऊन. आता ती रोज दुपारी आमच्या जिन्यात बसून साड्यांना टिकल्या लावते. हात फार साफ आहे तिचा. भगताचं नाव निघालेलं नाही.

धर्मेंद्र माझ्यावर ओरडला की आता आई पण! मी त्याला विचारलं की तू लहान असताना तुझ्या डब्यात पोळी कोण घालत होतं आणि तिची कंबर कशी होती ते सांग. त्याने स्वतः टीव्ही खाली आणला. ललित फुगून बसला आहे, बसू दे. एक ते चार मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसते, वर कोणाला सोडत नाही. मालतीबाई विचारायला आल्या की वर काय देवी बसली आहे का. मी म्हटलं, सून बसली आहे, काम करते, चारनंतर या.

मंडळाला चित्रं नकोत तर नकोत. तुमची भाची दिवसभर रडली आणि दुसऱ्या दिवशी दहावं काढायला बसली. मला हे समजत नाही. कोणी घेणार नाही तर कशाला काढतेस विचारलं, तर म्हणाली की नाही काढलं तर आजारी पडेन. मग काढ म्हटलं. अकरावं किरणचं झालं, तिला खरं वाटेना की ती एवढी चांगली दिसते. लाजून साडीत तोंड घातलं.

काल मला वर बोलावलं. म्हणाली, आत्ता तुमचं काढायचं आहे, बसा. मला वाटलं कपडे बदलून येऊ, चांगलं लुगडं नेसू. नको म्हणाली. मागे लूम चालू होतं, पंखा चालू होता, ती कानात कापूस घालून बघत होती. दुपार सगळी मी बसले. हातात काही काम नव्हतं. कोणी हाक मारली नाही. विहीणबाई, मी सासष्ट वर्षांची आहे. बसायला मला काल पहिल्यांदा देवी लागली नाही.

दिवाळीत भाचीकडे या, गुडघ्यांचं काही सांगू नका, रिक्षा दारापर्यंत येते.

तुमची विहीण,
प्रमिला